उसन्या आवाजाची पोच

"यात बाहेरचं काय काय आहे?" रुग्णालयाकडून आलेल्या तंत्रज्ञ बाईंनी विचारलं.

प्रश्न साधा होता आणि त्यांनी तो साधेपणानेच विचारला. बैठकीच्या छोट्या खोलीत पंखा फिरत होता, भिंतीवरच्या पडद्यावर अ‍ॅप उघडं होतं आणि टेबलावर चहाचे कप रिकामे झाले होते. कप्तान खुर्चीत पुढे सरकून बसले. कप्तान म्हणजे त्या लहानशा कंपनीचे मालक. जहाज त्यांनी चित्रातच पाहिलं असेल, पण सगळ्यांच्या पुढे उभं राहून दिशा दाखवायची हौस दांडगी, म्हणून ऑफिसात त्यांना हे नाव पडलं होतं. ते त्यांना मनापासून आवडायचं.

"बाहेरचं काहीच नाही," ते म्हणाले. "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं घरचं."

शेजारी ताई बसली होती. त्या अ‍ॅपचा बहुतेक भाग तिच्या हाताखालून गेलेला, आणि कप्तानांसकट सगळे तिला ताईच म्हणायचे. तिने कप उचलला आणि तो रिकामा आहे हे कळूनही तोंडाला लावला.

"छान," बाई म्हणाल्या. "मग शुक्रवारी आमचे डॉक्टरही येतील. तेव्हा हेच त्यांनाही सांगा. आणि तुमच्या त्या आजोबांना पुन्हा बोलताना बघायला आवडेल."

अ‍ॅपचं नाव होतं 'बोलका'. ज्यांची वाचा गेली आहे, पण समज शाबूत आहे, अशा माणसांसाठी ते बनवलेलं. अंगठ्याने चित्रं किंवा अक्षरं दाबायची, की फोन माणसाच्या आवाजात ते वाक्य बोलतो. रुग्णालयाने ते घेतलं तर त्यांच्या प्रत्येक शाखेत, प्रत्येक खाटेपाशी ते पोचणार होतं. तहान लागली हे सांगता न येणारी, कुठे दुखतंय हे दाखवता न येणारी कितीतरी माणसं बोलती होणार होती. कंपनी गेली तीन वर्षं ज्या दिवसाची वाट बघत होती, तो दिवस शुक्रवारी उगवणार होता.

आणि कप्तान जे बोलले होते ते खरं नव्हतं.

वाचकहो, इथे घटकाभर थांबून एक गोष्ट सांगायला हवी. तुमच्या-माझ्या फोनमधलं एकही अ‍ॅप कोणी एकट्याने बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेलं नसतं. फोटो लहान करणारा भाग, तारखा मोजणारा भाग, नकाशा दाखवणारा भाग, असे कितीतरी तुकडे जगात कुणी ना कुणी आधीच लिहून ठेवलेले असतात. अशा तयार तुकड्याला या धंद्यात लायब्ररी म्हणतात. लिहिणाऱ्याने ती सगळ्यांसाठी खुली ठेवली असेल तर ती ओपन सोर्स. विकायच्या अ‍ॅपमध्ये ती वापरण्यात काहीही गैर नाही. सगळं जग वापरतं. फक्त प्रत्येक लायब्ररीबरोबर एक परवाना येतो. तो बहुधा पैसे मागत नाही. एखादा म्हणतो, माझं नाव राहू द्या. एखादा म्हणतो, माझ्या कामात काही सुधारलंत तर ती सुधारणाही इतरांना द्या. काहींच्या अटी याहून कडक असतात. त्या आपल्याला झेपत नसतील तर ती लायब्ररी घेऊ नये, इतकी साधी गोष्ट. पण आपण काय करतो? 'मला मान्य आहे' वर बोट ठेवतो आणि मजकूर न वाचताच पुढे जातो.

ताई त्या दिवशी घरी आली तेव्हा स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येत होता आणि बाहेरच्या खोलीतून फोनचा.

"जेवलीस." फोन म्हणाला.

"हिशेब मागताय की चौकशी करताय?" सासूबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "अगं, बघ ना. उभ्या जन्मात कधी विचारलं नाही. आता विचारतात, तर असं वाटतं की मी जेवून काही गुन्हाच केलाय."

खुर्चीत बसलेल्या बाबांच्या डोळ्यांत हसू आलं. बाबा म्हणजे ताईचे सासरे; रुग्णालयाच्या बाईंनी विचारलेले आजोबा ते हेच. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला, जीभ वळेनाशी झाली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर येत नसत. पहिले कित्येक महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग 'बोलका' आलं. डाव्या अंगठ्याने ते इतकं बोलायला लागले, की सासूबाई म्हणायच्या, तोंडाने बोलत होते तेव्हा याच्या निम्मंही बोलत नव्हते.

एकच अडचण होती. अ‍ॅपला प्रश्न विचारता येत नसे. वाक्याच्या शेवटी माणसाचा आवाज जसा वर जातो, तसा तो जातच नव्हता. शेवटी 'का' लावला तरी तीच गत. त्यामुळे बाबांचा प्रत्येक प्रश्न हुकमासारखा कानावर पडायचा. ताईने त्या उणिवेपायी अनेक महिने डोकं आपटलं होतं आणि शेवटी हात टेकले होते.

आवाज मात्र सुरेख होता. मध्यमवयीन पुरुषाचा, किंचित खरखरीत. काही शब्दांआधी तो हलकासा श्वास घ्यायचा. कप्तानांनी तो श्वास काढून टाकायला सांगितलं होतं, पण लोकांना तोच आवडला, म्हणून राहिला.

जेवताना ताईने बैठकीची हकीकत सांगितली. कप्तानांनी 'सगळं घरचं' म्हटल्याचंही सांगितलं, जरा हसतच. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि फोन ओढून घेतला.

"हा माणूस कोण."

"कुठला माणूस, बाबा?"

अंगठा पुन्हा फिरला. "ज्याच्या तोंडाने मी बोलतो तो."

"कंपनीचा आवाज आहे तो," ताई म्हणाली. ऑफिसात कोणी विचारलं तर हेच उत्तर द्यायचं ठरलेलं होतं.

"खोटं," फोन म्हणाला. हे बटण बाबांनी पत्त्यांच्या डावासाठी मुद्दाम बनवून घेतलं होतं. सासूबाई पानं लपवायच्या.

ताईने नजर खाली घातली. मग उठून तिने लॅपटॉप आणला. ज्या लायब्ररीच्या जोरावर अ‍ॅप बोलत होतं ती तिने जिथून घेतली होती, ती जागा उघडली. अगदी सुरुवातीच्या दिवसांत, आधी चालतंय का बघू म्हणून घेतली होती. वर एक मजकूर होता. तेव्हा तिने घाईत नुसती नजर फिरवली होती. आज तिने तो मोठ्याने वाचला.

"हा आवाज माझ्या भावाचा आहे. आजाराने त्याचा आवाज हळूहळू जात होता. पूर्ण जाण्याआधी त्याने दार लावून रोज थोडं थोडं बोलून ठेवलं, ज्यांना बोलता येत नाही त्यांना द्यायला. वापरा, हवा तसा बदला, विकायच्या वस्तूत घातलात तरी चालेल. फक्त त्याचं नाव काढू नका. आणि हा भाग सुधारलात तर ती सुधारणाही पुढच्याला तशीच मिळू द्या, जशी तुम्हाला मिळाली."

खाली बहिणीचं आणि भावाचं नाव होतं.

शब्दांआधीचा तो श्वास सगळ्यांना एकदमच आठवला असावा. सासूबाईंनी नाकाला पदर लावला.

आता नाव कुठे गेलं, तेही सांगायला हवं. कोणी बसून ते दुष्टपणे खोडलं नव्हतं. कप्तानांना अ‍ॅप हलकं ठेवायचं वेड होतं. जुन्या, स्वस्त फोनवरही ते पटकन उघडलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह, आणि तो योग्यच होता. म्हणून अ‍ॅप बांधून बाहेर पाठवण्याच्या आधी एक चाळणी लावलेली होती: जो मजकूर अ‍ॅप चालायला लागत नाही, तो आपोआप गळून पडायचा. माणसांची नावं अ‍ॅप चालायला लागत नाहीत. ती पहिल्याच झटक्यात गळाली. पुढे कोणीतरी म्हणालं, श्रेयाचं पान कोणी उघडत नाही, उगाच चुकून बोट लागतं; मग तेही गेलं. अशी तीन वर्षं गेली आणि ऑफिसातल्या नव्या मुलांना खरोखरच वाटायला लागलं, की सगळं घरचंच आहे. आता तर कप्तानांनाही तसंच वाटत होतं.

बाबांचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला. मग फोन म्हणाला, "आधी नाव. मग बोलणं."

आणि त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला.

ताईला वाटलं, सकाळपर्यंत राग जाईल. तो राग नव्हताच. सकाळी बाबांनी तिच्याकडे बघून नेहमीसारखं स्मित केलं, तिने पुढे केलेला चहा घेतला, पण फोनला हात लावला नाही. काही हवं असलं की ते चमच्याने पेल्यावर वाजवायचे.

"एकदा वाजलं की पाणी," सासूबाईंनी तिला समजावलं. "दोनदा वाजलं की खिडकी लाव. आणि वाजतच राहिलं की मी इतका वेळ कुठे होते."

त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं मला पटतं गं. दुसऱ्याच्या जिभेने बोलायचं आणि त्याचं नावही घ्यायचं नाही, हे काही बरं नाही. पण घर कसं सुनं वाटतंय. झटक्यानंतर ते मुके पडून होते, तेव्हा तरी इलाज नव्हता. आता मात्र इलाज टेबलावर पालथा पडलाय."

ताई ऑफिसात गेली ती थेट कप्तानांच्या खोलीत. लायब्ररीवरचा तो मजकूर तिने त्यांच्यापुढे धरला.

"नाव ना? शुक्रवार होऊन जाऊ दे, घालू की," कप्तान म्हणाले. "आजच कुठे आग लागलीय?"

"नुसतं नाव नाही. आपण त्यात सुधारणा केलीय. तीही खुली करायला लागेल."

कप्तानांचा चेहरा बदलला. मूळ लायब्ररीतला आवाज तुटक होता, एकेक अक्षर सुटं पडायचं. ताईने वर्षभर खपून ते सांधे जुळवले होते. 'बोलका' इतरांपेक्षा सरस होतं ते त्यामुळेच.

"ताई, तुला कळतंय का तू काय म्हणतेस? उद्या दहा जण ते उचलतील आणि आपल्याच समोर दुकान थाटतील. तुझी वर्षभराची मेहनत! अशीच वाटून टाकायची?"

हेच तिलाही रात्रभर सलत होतं. ते काम तिचं होतं. तापाने फणफणलेली असतानाही तिने ते केलं होतं. ते उचलून अनोळखी माणसांच्या हाती द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि खोटं कशाला बोलायचं, थोडा रागही आला होता.

"मलाही नकोच वाटतंय," ती म्हणाली. "पण आपलं अ‍ॅप, आपली चित्रं, आपली सगळी मांडणी आपलीच राहते. कोणी मागितलेली नाही. फक्त त्यांच्या भागात जे केलं तेवढं द्यायचंय. ही अट त्यांनी आधीच सांगितली होती आणि आपण घेतलं, म्हणजे ती मान्य केली."

"अगं, फुकट ठेवलंय म्हणजे घ्यायलाच ठेवलंय ना?"

"ग्रंथालयातलं पुस्तकही फुकटच मिळतं वाचायला. म्हणून त्याचं पहिलं पान फाडून आपण आपलं नाव चिकटवत नाही."

कप्तान उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "मी बैठकीत त्या बाईंना काय सांगितलंय, ते तू ऐकलंयस. आता शब्द फिरवला तर आपल्यावर विश्वास कोण ठेवेल? शुक्रवारनंतर बघू."

"शुक्रवारी बाबा बोलणार नाहीत."

"म्हणजे?"

तिने पालथ्या फोनची गोष्ट सांगितली. कप्तान आधी हसले, मग गंभीर झाले. "मी येतो संध्याकाळी. माझं ऐकतील ते."

यात बढाई नव्हती. बाबांचं आणि कप्तानांचं खरंच चांगलं जमायचं. अ‍ॅपचं प्रत्येक नवं रूप आधी बाबांच्या हातात जायचं आणि कप्तान त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचे. 'खोटं' हे बटणही त्यांनीच हौसेने करून दिलं होतं.

संध्याकाळी ते आले, स्टूल ओढलं आणि बाबांचा डावा हात हातात घेऊन बोलायला लागले. रुग्णालयाच्या किती शाखा आहेत, तिथे किती माणसं मुकी पडून आहेत, शुक्रवार हुकला तर ती तशीच राहतील, नाव नंतर नक्की घालू. बोलणं मनापासूनचं होतं. बाबा ऐकत होते. सासूबाई चहा ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

मग बाबांनी हात सोडवून घेतला आणि फोन उलटला.

"तुमची गोष्ट सांगा," फोन म्हणाला.

"माझी? कुठली?"

"ती सभेची."

कप्तानांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, बर्फ वितळला. ही गोष्ट त्यांची लाडकी होती. ऑफिसात चहाच्या वेळी कोणी नवीन दिसलं की ती ऐकवल्याशिवाय ते राहत नसत. ताईला ती शब्दन् शब्द पाठ होती.

"मी तेव्हा दुसरीकडे नोकरीला होतो," कप्तानांनी सुरुवात केली. "फोनवर आपल्या लिपीत टाइप करायचा कळफलक बनवला मी. एकट्याने. जेवणखाण सोडून. हजारो लोक वापरायला लागले. मग मालकांनी मोठा समारंभ ठेवला. मी आईला घेऊन गेलो. आई नवं लुगडं नेसलेली, तिसऱ्या रांगेत ताठ बसलेली. मालक उभे राहिले आणि म्हणाले, ही आमच्या कंपनीची निर्मिती आहे. शेवटी आभार मानले. दिवे लावणाऱ्यांचे मानले, खुर्च्या पुरवणाऱ्यांचे मानले, चहावाल्यांचेही मानले..."

इथे ते नेहमी थांबायचे आणि सगळ्यांकडे एकवार बघायचे. तसे आत्ताही थांबले. समोर बाबा होते. बाबांच्या हातात फोन होता.

"पुढे," फोन म्हणाला. सपाट, हुकमासारखं.

पुढचं वाक्य सगळ्यांनाच ठाऊक होतं. घरी जाताना कप्तानांच्या आईने विचारलं होतं, 'तुझं नाव कधी घेतलं रे त्यांनी? हल्ली मला नीट ऐकू येत नाही.' बिचारीने दोष आपल्याच कानांना दिला होता. त्या दिवसानंतर कप्तानांनी ती नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली.

पण आज ते वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. त्यांनी चहा उचलला, तसाच ठेवला. फोनकडे बघितलं. त्या फोनमध्ये एका माणसाचा जाता जाता साठवलेला आवाज होता.

"त्या बहिणीने," ते अडखळत म्हणाले, "त्या बहिणीने कधी आपलं अ‍ॅप उघडलं तर? तिला भावाचा आवाज लगेच ओळखू येईल. मग ती नाव शोधेल."

"हो," ताई म्हणाली.

"सगळीकडे शोधेल. आणि तिला वाटेल, आपल्यालाच सापडत नाहीये."

त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. सासूबाईंनी हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "प्या चहा," त्या म्हणाल्या. "गार होतोय."

जाताना दारात चपला घालता घालता कप्तान ताईला म्हणाले, "ती चाळणी आधी बंद कर. आणि उद्या सगळ्यांना बसव. फक्त हीच नाही, आपण कुणाकुणाचं काय काय घेतलंय ते सगळं शोधून काढू. कुणाच्या कुठल्या अटी आहेत, तेही नीट वाचू. मी पण वाचतो."

शोधायला बसल्यावर ऑफिसातल्या मंडळींची बोटं तोंडात गेली. सगळं घरचं म्हणता म्हणता निम्म्याहून जास्त कोड पाहुणा निघाला. अक्षरं मोठी करणारा भाग एका विद्यार्थिनीचा होता. चित्रं पटकन उघडणारा भाग सुट्टीच्या दिवशी कोड लिहिणाऱ्या एका दंतवैद्याचा होता. यांतल्या कोणीही कधी कंपनीच्या दारात येऊन काही मागितलं नव्हतं. एका लायब्ररीच्या अटी मात्र आपल्याला पाळता येण्यासारख्या नाहीत असं दिसलं, तेव्हा ती काढली आणि तेवढं काम खरोखर घरी केलं. बाकी सगळ्यांची नावं एका पानावर आली. पानाला शीर्षक काय द्यायचं यावर बराच काथ्याकूट झाला. शेवटी कप्तानांनीच सुचवलं: 'यांच्यामुळे हे बोलतं.'

शुक्रवारी खोलीत जास्तीच्या खुर्च्या लावाव्या लागल्या. ताईशेजारी बाबा फोन मांडीवर घेऊन बसले होते. कप्तान उभे राहिले. नेहमी ते हातवारे करत बोलायचे. आज हात टेबलावर टेकलेले होते.

"मागच्या बैठकीत मी तुम्हाला सांगितलं की यात बाहेरचं काहीच नाही," ते म्हणाले. "ते खरं नव्हतं. ज्या आवाजावर हे सगळं उभं आहे, तोच आमचा नाही."

त्यांनी सगळं सांगितलं, अगदी चाळणीसकट. ताई तंत्रज्ञ बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. बाई टिपणं घेत होत्या, चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. कप्तान बसल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सगळं घरचं, असं आम्हाला बरेच जण सांगतात," त्या म्हणाल्या. "मी स्वतः कोड लिहिते, त्यामुळे ते कधीच खरं नसतं हे मला माहीत आहे. तुम्हाला पुन्हा बोलावलं ते आजोबांना बोलताना पाहिलं होतं म्हणून. पण मागच्या बैठकीत तुमचं उत्तर ऐकून माझं मन खट्टू झालं होतं. आता आमच्या लोकांना हे सगळं नव्याने तपासायला लागेल. सगळ्या शाखांचं आत्ताच ठरणार नाही. आधी एका वॉर्डात सुरू करू."

एक वॉर्ड. कप्तानांनी मान हलवली. मग त्यांनी ताईकडे बघितलं, पण ते नाराजीने नव्हतं.

मग डॉक्टर बाबांकडे वळले. "आजोबा, तुम्ही काही सांगाल?"

बाबांनी वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं. त्यांनी नुसता अंगठा टेकवला.

"हा आवाज एका भावाचा आहे. त्याला तो ठेवता आला नाही, म्हणून त्याने मला दिला. मी त्याला कधी भेटलो नाही. मी त्याचा ऋणी आहे."

'ऋणी' शब्दाआधी तो हलका श्वास सगळ्यांना ऐकू आला.

त्याच आठवड्यात ताईने आपलं वर्षभराचं काम खुलं केलं. बटण दाबताना तिचा हात क्षणभर अडला, हे ती कबूल करते. त्या बहिणीलाही तिने आभाराचे चार शब्द पाठवले. उत्तर आलं नाही. आभार मानले की उत्तर यावंच असं कुठे आहे? कप्तानांची भीतीही अगदीच खोटी ठरली नाही. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका कंपनीने ताईचं काम घेतलं आणि आपल्या अ‍ॅपमध्ये घातलं. कप्तान दिवसभर तोंड पाडून होते. संध्याकाळी त्यांनी त्या कंपनीचं अ‍ॅप उघडलं, शोधत शोधत शेवटच्या पानापर्यंत गेले आणि फोन ताईच्या समोर धरला. तिथे भाऊ-बहिणीच्या नावाखाली ताईचं नाव होतं.

"घेतलं त्यांनी नाव," ते म्हणाले, आणि घसा खाकरत आपल्या खोलीत निघून गेले.

मग बऱ्याच दिवसांनी आणखी एक गोष्ट घडली. कुठल्यातरी दूरच्या गावातली एक बाई, मुलांना बोलायला शिकवणारी, कोड लिहिणं तिचा छंद. तिने ताईचं काम पाहिलं, वापरलं, आणि तिला जे खटकलं ते तिने दुरुस्त करून परत खुलं ठेवलं. ताईला ते सापडलं तेव्हा ती दोनदा खुर्चीतून उठली आणि दोनदा बसली. ज्या उणिवेपुढे तिने हात टेकले होते तिचं उत्तर समोर होतं. तिने ते अ‍ॅपमध्ये बसवलं, त्या बाईचं नाव पानावर घातलं आणि नवं अ‍ॅप बाबांच्या फोनमध्ये घालून दिलं. सांगितलं कोणालाच नाही.

जेवणाची वेळ टळून गेली होती. सासूबाई ओट्यापाशी काहीतरी आवरत होत्या. बाबांनी नेहमीसारखा अंगठा फिरवला.

"जेवलीस?" फोन म्हणाला.

आवाज शेवटी वर गेला. हलकेच, काळजीने, माणसासारखा.

सासूबाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. या बाईला टोमणा सुचला नाही असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. त्या बाहेर आल्या, बाबांच्या समोर उभ्या राहिल्या.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठीच थांबले होते." आणि मग त्यांना रडू आवरेना.

थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी ताईला विचारलं, "कोणी केलं गं हे? नाव माहीत आहे का आपल्याला?"

"माहीत आहे ना, आई. आता लिहून ठेवतो आम्ही."

तिने ते पान उघडून दिलं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि बाबांच्या शेजारी बसून एकेक नाव मोठ्याने वाचायला लागल्या. भावाचं, बहिणीचं, त्या विद्यार्थिनीचं, दंतवैद्याचं, मुलांना बोलायला शिकवणाऱ्या त्या बाईचं, सुनेचं. सुनेच्या नावापाशी जरा जास्तच वेळ थांबल्या.

वाचकहो, आपल्या हातातल्या फोनमध्येही असंच एखादं पान कुठेतरी खोलवर असतं. आपण ते कधी उघडत नाही. ज्यांनी ते बनवायचं, ते कधीकधी काढूनच टाकतात. फुकट मिळालेल्या वस्तूला मालक नसतो, असं आपण किती सहज धरून चालतो! पण कोणीतरी रात्री जागवलेल्या असतात, कोणीतरी आपला आवाजसुद्धा देऊन गेलेलं असतं, आणि बदल्यात एवढंच मागितलेलं असतं, की माझं नाव राहू द्या आणि पुढच्यालाही द्या. ही अट पाळणं म्हणजे कोणावर मेहेरबानी नव्हे. मिळालेल्या वस्तूची ती पोच आहे, आणि पोच देणारा माणूस लहान होत नाही.

एक परक्या भाषेतलं नाव आलं आणि सासूबाई अडखळल्या. ते कसं म्हणायचं ते कळेना. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

बाबांनी अंगठा टेकवला.

"पुढे?"

आणि त्या पुढचं नाव वाचायला लागल्या.